वर्गणीवर जगलेले संगीत : जॅझ, सार्वजनिक रेडिओ आणि ऐकण्याचा इतिहास

१/२३
मे २०१६. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिॲटल आणि टॅकोमा या शेजारच्या शहरांत एका रेडिओ केंद्राच्या श्रोत्यांनी पाच महिन्यांच्या आत सत्तर लाख डॉलर जमवले. त्यातून कुठली इमारत उभी राहणार नव्हती, कुणाचा पुतळाही बसणार नव्हता. त्यांना ८८.५ मेगाहर्ट्झ या लहरीवर बोलण्याचा आणि वाजवण्याचा परवाना विकत घ्यायचा होता. त्या लहरीवर दिवसाचे कित्येक तास जॅझ वाजत असे. ज्या संगीताला बाजारात फारसे गिऱ्हाईक नाही, त्यासाठी हजारो माणसांनी खिशात हात घातला. तो का घातला, हे या धाग्यात पाहायचे आहे.

२/२३
या विषयाकडे मी आडवाटेने आलो. पदव्युत्तर वर्गात मुंबईच्या चित्रपटसंगीतावर एक टिपण करत होतो. पुणतांब्यात जन्मलेले सी. रामचंद्र आणि त्यांचा १९५१ चा ‘अलबेला’ हा त्याचा विषय. त्या संगीतातील तुताऱ्या, सॅक्सोफोन आणि उसळता ठेका कुठून आला, याचा शोध घेताना चिक चॉकलेट हे नाव समोर आले. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोमंतकीय ट्रंपेटवादक. त्यांच्यामागे मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंद होते, त्या वाद्यवृंदांच्या मागे १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात आलेले लिऑन ॲबी आणि त्यांचे आफ्रिकी-अमेरिकी सहकारी. ही साखळी धरून मी जॅझपर्यंत पोहोचलो, आणि जॅझ ऐकू लागलो तो रेडिओवर.

३/२३
आधी थोडी पार्श्वभूमी. जॅझ आणि रेडिओ यांची वाढ एकमेकांच्या आधाराने झाली. डिसेंबर १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये रुजू झाला. तिथून होणाऱ्या प्रक्षेपणांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. विरोधाभास असा, की त्या क्लबमध्ये वादक कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक श्वेतवर्णीय अशी सक्त विभागणी होती. दारावर अडवली जाणारी माणसे रेडिओमुळे ते संगीत घरबसल्या ऐकू शकत होती. रेडिओचे हे मूळ सामर्थ्य लक्षात ठेवावे : त्याला दार नसते.

४/२३
दुसरे उदाहरण १९३६ चे. संगीतसमीक्षक आणि ध्वनिमुद्रण-निर्माते जॉन हॅमंड शिकागोत आपल्या मोटारीत बसून रेडिओची कळ फिरवत होते. कॅन्सस सिटीच्या एका लहानशा केंद्रावरून रेनो क्लबमधील वाद्यवृंद त्यांना ऐकू आला. तो वाद्यवृंद काउंट बेसी यांचा होता. हॅमंड यांनी पाठपुरावा केला आणि बेसी देशाच्या रंगमंचावर आले. शेकडो मैलांवरच्या गावात वाजणारी गोष्ट कुणा अनोळखी माणसाच्या कानावर पडावी, या योगायोगाला जागा असणे किती मोलाचे आहे, हे अशा प्रसंगांतून दिसते.

५/२३
ही सारी व्यापारी रेडिओची कमाई होती. पुढे वारे फिरले. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीने कुटुंबाचा संध्याकाळचा वेळ घेतला. रेडिओने तग धरण्यासाठी लोकप्रिय गाण्यांची ठरावीक यादी पुन:पुन्हा वाजवण्याचा मार्ग धरला. रॉक अँड रोल आले. जॅझ याच काळात अधिक गुंतागुंतीचे, अधिक अंतर्मुख झाले होते. तीन मिनिटांत न संपणारी रचना जाहिरातदाराला नको होती. जॅझ रेडिओवरून एका दिवसात हाकलले गेले नाही. त्याचे तास एकेक करून कमी होत गेले. संस्कृतीतील बहुतेक गोष्टी अशाच जातात, म्हणून त्यांच्या जाण्याची तारीख इतिहासात सापडत नाही.

६/२३
मग ते टिकले कुठे? याचे उत्तर रेडिओच्या पट्टीवरच लिहिलेले आहे. १९४५ मध्ये अमेरिकेच्या संघीय दूरसंचार आयोगाने एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ असा ठरवला आणि त्यातील ८८ ते ९२ हा खालचा भाग अव्यापारी, शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवला. या धाग्यात पुढे येणारे आकडे पाहा : ८८.३, ८८.५, ९०.५, ९०.७. सगळे त्याच राखीव पट्ट्यातले. गावाच्या गायरानासारखी ही जमीन; तिच्यावर दुकान थाटायला मनाई. हे गायरान नसते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता.

७/२३
गायरान होते, पण चारा कमी होता. विद्यापीठांची आणि शाळांची छोटी केंद्रे कशीबशी चालत. ७ नोव्हेंबर १९६७ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सार्वजनिक प्रसारण कायद्यावर सही केली. मूळ प्रस्तावाचा सारा रोख दूरचित्रवाणीवर होता. रेडिओचा समावेश रेडिओवाल्यांच्या खटपटीमुळे उशिरा झाला. या कायद्यातून सार्वजनिक प्रसारण महामंडळ उभे राहिले. संघीय सरकारचा पैसा ते केंद्रांना वाटणार आणि सरकार व केंद्र यांच्यामध्ये एक भिंत राखणार, अशी कल्पना होती. त्यानंतर १९७० मध्ये नॅशनल पब्लिक रेडिओ, म्हणजे एनपीआर, ही केंद्रांची सामाईक संस्था स्थापन झाली.

८/२३
या व्यवस्थेत जॅझला घर मिळाले. न्यू जर्सी राज्यातील नेवार्कचे डब्ल्यूबीजीओ हे त्याचे ठळक उदाहरण. ८८.३ ही लहर आधी शहराच्या शिक्षण मंडळाकडे होती. १९७९ मध्ये तिच्यावर स्वतंत्र सार्वजनिक केंद्र सुरू झाले आणि त्याने जॅझ हीच आपली ओळख मानली. नेवार्क हे सारा वॉन आणि वेन शॉर्टर यांचे जन्मगाव. १९६७ च्या जुलैत हेच शहर वांशिक संघर्षात होरपळले होते. बाहेरच्या जगाला ते दंगलीचे शहर म्हणूनच ठाऊक होते. अशा शहराने आपल्या संगीताच्या नावाने बोलणारे केंद्र उभे करणे, ही केवळ करमणुकीची बाब नव्हती.

९/२३
१९७९ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. ‘पियानो जॅझ’ हा कार्यक्रम एनपीआरवरून देशभर ऐकू येऊ लागला. निर्मिती दक्षिण कॅरोलायनाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची. निवेदिका इंग्लंडमध्ये जन्मलेल्या पियानोवादक मेरियन मॅकपार्टलंड. रचना अगदी साधी होती : समोर एक पाहुणा कलावंत, थोड्या गप्पा, थोडे वादन, मग दोघांचे एकत्र वादन. पहिल्या पाहुण्या मेरी लू विल्यम्स. मॅकपार्टलंड यांनी हे काम २०११ पर्यंत केले. बिल एव्हान्स यांच्याबरोबरचा भाग ऐकताना एखादा राग उलगडून दाखवणारे बुजुर्ग गवई आठवतात. रचना आतून कशी उभी राहते, हे वादक स्वतः, वाजवता वाजवता सांगतो.

१०/२३
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या कार्यक्रमाचे मोल वेगळे वाटते. संगीताच्या तबकडीत केवळ फलित असते. ‘पियानो जॅझ’मध्ये कलावंताचा विचार, त्याची आठवण, गुरूचे नाव, फसलेला प्रयोग, विनोद हे सारे आहे. आपल्याकडे घराण्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग तोंडी राहिला आणि माणसांबरोबर गेला. तिथे तीन दशकांहून अधिक काळ कुणीतरी नेमाने ध्वनिमुद्रण करत राहिले. हे काम व्यापारी केंद्राने केले नसते, कारण त्यात तातडीचा नफा नव्हता.

११/२३
तरीही सार्वजनिक रेडिओत जॅझचे आसन कधीच स्थिर नव्हते. १९८३ मध्ये एनपीआर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले. कर्ज काढून संस्था वाचली, पण माणसे आणि कार्यक्रम यांच्यात मोठी काटछाट झाली. १९७७ पासून चालणारा, देशभरच्या मैफली ऐकवणारा ‘जॅझ अलाइव्ह!’ त्याच वर्षी संपला. संस्था अडचणीत आली की पहिली कुऱ्हाड बहुधा संगीतावर पडते. बातम्या ‘आवश्यक’ आणि संगीत ‘शोभेचे’, ही विभागणी संकटाच्या काळात फार चटकन केली जाते.

१२/२३
दुसरे कारण याहून खोल होते. १९७१ मध्ये ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ आणि १९७९ मध्ये ‘मॉर्निंग एडिशन’ हे बातम्यांचे कार्यक्रम सुरू झाले आणि पाहता पाहता सार्वजनिक रेडिओचा कणा बनले. कामावर जाता-येता मोटारीत ऐकणारा मोठा वर्ग तयार झाला. श्रोत्यांच्या पाहणीतून केंद्रांना दिसू लागले, की बातम्या संपून संगीत सुरू झाले की पुष्कळ जण कळ फिरवतात. जो रोज ऐकतो, तोच वर्षाकाठी देणगी देतो. मग हिशेब सरळ होता : बातम्या आणि चर्चा वाढवा, संगीत कमी करा. यात कुणी खलनायक नव्हता. पगार द्यायचे होते, वीज भरायची होती.

१३/२३
या हिशेबाचा शेवट पिट्सबर्गमध्ये दिसतो. ड्युकेन विद्यापीठाचे डब्ल्यूडीयूक्यू हे ९०.५ वरील केंद्र बातम्या आणि जॅझ यांच्यासाठी ओळखले जाई. एरल गार्नर, आर्ट ब्लेकी, बिली स्ट्रेहॉर्न यांच्या जडणघडणीशी नाते सांगणारे हे शहर. २०११ मध्ये विद्यापीठाने केंद्र विकले. नव्या चालकांनी ते मुख्यतः बातम्यांचे केले. जॅझच्या वाट्याला आठवड्यातील मोजके तास उरले. केंद्र बंद पडले नाही, उलट बातम्यांचे चांगले काम करत राहिले. पण रोज संध्याकाळी आपोआप कानावर येणारे संगीत गेले.

१४/२३
आता पुन्हा ८८.५ कडे. केपीएलयू हे केंद्र टॅकोमाच्या पॅसिफिक लुथरन विद्यापीठाचे, १९६६ मध्ये सुरू झालेले. बातम्या आणि जॅझ ही जोडी त्याने अनेक दशके सांभाळली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये विद्यापीठाने ते वॉशिंग्टन विद्यापीठाला विकण्याचा करार जाहीर केला. त्या विद्यापीठाचे केयूओडब्ल्यू हे सिॲटलमधील बातम्यांचे मोठे केंद्र. म्हणजे सार्वजनिक केंद्र सार्वजनिक केंद्रालाच विकले जात होते.

१५/२३
या प्रकरणाचा एक बारकावा सोपी गोष्ट सांगताना हरवतो. नव्या मालकांचा बेत जॅझ बंद करण्याचा नव्हता. त्यांना ८८.५ वर दिवसभर जॅझच ठेवायचे होते आणि तिथला वृत्तविभाग मोडायचा होता. मग श्रोते का उठले? कारण त्यांना जोडी हवी होती. सकाळी शाळा, पूर, निवडणूक यांविषयी बोलणारे केंद्र दुपारी कोल्ट्रेन ऐकवते, तेव्हा कोल्ट्रेन त्या शहराच्या रोजच्या जगण्याचा भाग असतो. संगीत वेगळे काढून, निवेदक कमी करून, एका कोपऱ्यात अखंड वाजत ठेवले, तर ते जिवंत राहील की नुसते चालू राहील? श्रोत्यांचा प्रश्न हा होता.

१६/२३
विरोध इतका वाढला, की अखेर खरेदीदार विद्यापीठाने थांबण्याची तयारी दाखवली. केंद्राच्या पाठीराख्यांनी ३० जून २०१६ पर्यंत सत्तर लाख डॉलर उभे केल्यास परवाना त्यांच्या स्वतंत्र संस्थेला मिळणार होता. जानेवारीत मोहीम सुरू झाली आणि मुदतीच्या महिनाभर आधी, मे महिन्याच्या अखेरीस, रक्कम पूर्ण झाली. ३१ ऑगस्ट २०१६ पासून केंद्र नव्या नावाने बोलू लागले : केएनकेएक्स. उच्चार ‘कनेक्ट्स’ असा करायचा. एका केंद्राने आपल्या श्रोत्यांशी असलेले नातेच नाव म्हणून घेतले.

१७/२३
या पैशाला मराठीत एक नेमका शब्द आहे : वर्गणी. कर सक्तीचा असतो. जाहिरातीचा पैसा देणारा बदल्यात आपले कान मागतो. वर्गणी या दोन्हींहून निराळी. गल्लीतील गणपतीची वर्गणी देणारा आरतीला आला नाही तरी प्रसाद त्याच्या घरी जातो, आणि न देणाऱ्यालाही मांडवात येऊ दिले जाते. सार्वजनिक रेडिओचे अर्थकारण हेच. काही श्रोते पैसे देतात, बाकीचे फुकट ऐकतात, आणि देणाऱ्याला त्याची तक्रार नसते. किंबहुना न देणाऱ्यालाही ऐकता यावे यासाठीच तो देतो.

१८/२३
वसतिगृहातील माझा अर्थशास्त्राचा मित्र हे ऐकून म्हणाला, “तुला हवे ते गाणे तुझ्या फोनवर आहे. मग केंद्र कशाला वाचवायचे?” आक्षेप रास्त आहे, आणि मी त्यावर बरेच दिवस विचार केला. त्याच्या बाजूने आणखी एक मुद्दाही आहे : अमेरिकेत एफएमवरून गाणे वाजले तर रचनाकाराला मानधन मिळते, पण त्या ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या वादकाला मिळत नाही. तेव्हा रेडिओ म्हणजे कलावंतांचा निखळ उपकारकर्ता, असेही नाही. तरी मला वाटते, की मित्राच्या प्रश्नात ‘हवे ते’ हे दोन शब्द सर्वांत कच्चे आहेत. जे मला ठाऊकच नाही, ते मला हवे कसे होणार?

१९/२३
फोनवरील यादी माझ्या कालच्या आवडीवरून आजची निवड करते. निवेदक तसे करत नाही. पुण्याहून केएनकेएक्स इंटरनेटवर ऐकतो तेव्हा उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे सकाळचे नऊ असतात. कुणीतरी तिथल्या वाहतुकीविषयी बोलतो, संध्याकाळच्या मैफलीची वेळ सांगतो, मग १९५९ ची एखादी तबकडी लावतो आणि ड्रमवर कोण आहे ते सांगतो. ज्या वादकाचे नाव मी जन्मात शोधले नसते, त्याचे नाव मी वहीत लिहून घेतो. माझी अशी एक वही भरत आली आहे.

२०/२३
केंद्राची खरी कसोटी आपत्तीत लागते. न्यू ऑर्लिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूओझेड, ९०.७, १९८० पासून त्या शहराचे संगीत ऐकवते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कट्रीना वादळ आले, बांध फुटले, शहर बुडाले, माणसे देशभर पांगली. केंद्र हवेतून गप्प झाले. पण काही दिवसांतच न्यू जर्सीतील डब्ल्यूएफएमयू या दुसऱ्या श्रोताश्रयी केंद्राच्या मदतीने ते इंटरनेटवर बोलू लागले, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा हवेत आले. परक्या गावात आसरा घेतलेल्या माणसाला आपल्या गल्लीचे संगीत ऐकू येते, तेव्हा ते गाव अजून आहे याची खूण पटते. कुठल्याही यादीला हे साधत नाही, कारण यादीला गाव नसते.

२१/२३
आता आपल्याकडे पाहू. जॅझचा आणि मुंबईचा संबंध हॉटेलांपुरता नव्हता. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक अमेरिकी सरकारच्या दौऱ्यावर मुंबईत आले, तेव्हा त्यांनी सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवले. त्याच काळात विलिस कॉनोव्हर हे व्हॉइस ऑफ अमेरिकावरून, १९५५ पासून थेट १९९६ पर्यंत, जगाला जॅझ ऐकवत होते. परदेशी श्रोत्यांना समजावे म्हणून सावकाश, स्वच्छ इंग्रजीत. ही शीतयुद्धातील प्रचाराची यंत्रणा होती, हे विसरू नये. गंमत अशी, की १९४८ च्या कायद्यामुळे ते प्रक्षेपण खुद्द अमेरिकेतील श्रोत्यांसाठी नव्हते. जगभर घरोघरी पोहोचलेला हा आवाज त्याच्या मायदेशात जवळजवळ अनोळखी राहिला.

२२/२३
आपली आकाशवाणी वर्गणीवर नाही, शासनावर उभी राहिली. तिचे ऋण मोठे आहे. संस्थाने विलीन झाल्यावर कोल्हापूर-बडोद्यासारख्या दरबारांचा आश्रय गेला, तेव्हा गवयांना आधार दिला तो आकाशवाणीने. १९५२ मध्ये संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला. पण त्याच वर्षी मंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतांना जवळजवळ दार बंद केले. त्यांतील पाश्चात्त्य वळण त्यांना खटकत होते. सी. रामचंद्रांनी आणि गोमंतकीय वादकांनी घडवलेले संगीत नेमके ते होते. श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. हार्मोनियमवरही आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके बंदी ठेवली होती. एकच हात जतन करतो आणि वगळतोही. म्हणून आश्रय एकाच हाती असू नये, एवढा धडा मी यातून घेतो. आणि तो धडा दोन्ही देशांना लागू पडतो. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा आधीच मंजूर केलेला दोन वर्षांचा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा निधी परत घेतला आणि ऑगस्टमध्ये १९६७ च्या त्या महामंडळाने आपले काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. सर्व केंद्रांच्या वतीने संगीताच्या हक्कांचे शुल्क एकत्रितपणे भागवण्याचे कामही हेच महामंडळ करत आले होते. दिवसभर संगीत वाजवणाऱ्या लहान केंद्राला हा घाव दुहेरी आहे. वर्गणीवर आता पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक भार आला आहे.

२३/२३
जतन म्हणजे काय, याचा विचार करताना मला गाथा आठवतात. तुकोबांचे अभंग केवळ वह्यांत राहिले असते, तर ते अभ्यासकांचे झाले असते. ते लोकांचे राहिले, कारण गावोगावी एकादशीला टाळ निघत राहिले. नेम ठरलेला होता. ज्याला गाता येत नव्हते, तोही ओट्यावर बसून ऐकत होता. तबकडी कपाटात असणे म्हणजे संग्रह, आणि ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कुणीतरी ती चार लोकांना ऐकवणे म्हणजे परंपरा. ८८.५ च्या श्रोत्यांनी विकत घेतला तो हा नेम.

आपल्यापुढचे काम लहान आहे, पण तातडीचे आहे. प्रक्षेपण हवेत विरते. त्याचा पुरावा ऐकणाऱ्याच्या आठवणीत असतो. तुमच्या घरी आजी-आजोबांना विचारा : रेडिओवर कोणत्या वारी, किती वाजता, काय ऐकत होता? निवेदक कोण होते? कोणता कार्यक्रम कधी बंद झाला, आणि तो बंद झाल्याचे तुम्हाला कधी कळले? उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. या धाग्याखाली लिहिलेत, तर मी ती सारी उत्तरे एकत्र मांडून पुढचा धागा त्यांवरच लिहीन.